छोट्या धंद्याचं नेटवर्क बाहेरच्या कंपनीच्या नजरेखाली द्यावं का? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

उद्यमबागकर (धागाकर्ता)

उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर या पट्ट्यात सध्या सगळ्यांना एकाच प्रकारचे फोन येतायत. बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्या असतात, आपल्याकडची काही मुलंही असतात. ‘महिन्याला ठरलेले पैसे द्या, तुमच्या नेटवर्कवर आम्ही चोवीस तास नजर ठेवतो.’ फौंड्रीवाले, मशीनशॉपवाले, शहापूरचे साडीचे व्यापारी, सौहार्द (सहकारी पतपुरवठा) सोसायट्या, जो तो विचारतोय की हे घ्यावं की नको. मी या भागात बरीच वर्षं नेटवर्क जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. नजर ठेवायचं काम बाहेर द्या, जरूर द्या. पण राखणदार ठेवला म्हणून कुणी तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला बांधत नाही.

‘नेट गेलंय, येईल संध्याकाळपर्यंत’ हे पूर्वी चालायचं. 1 एप्रिल 2018 पासून पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन पावती) लागतं. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं झालं. कास्टिंग गाडीत भरलंय, ड्रायव्हर गेटपाशी थांबलाय, रात्रीत कोगनोळीची राज्य-हद्द ओलांडून पुढं जायचंय आणि आत ऑफिसात पोर्टल उघडत नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून एकदा निभतं, रोज नाही. आणि आपल्याकडे नेट गेल्याचं मालकाला कळतं कधी, तर अकाउंटंट वैतागून फोन करतो तेव्हा. रात्री दहाला बंद पडलं तर सकाळी दहाला कळतं.

मग स्वतःचा माणूस ठेवावा का? आठवड्याचे तास 168. एक माणूस 48 तास काम करणार. म्हणजे चोवीस तास कुणीतरी बघत राहायचं तर निदान चार माणसं लागतात, सुट्ट्या धरल्या तर पाच. वीस कामगारांच्या वर्कशॉपला हे झेपायचं नाही. बाहेरची कंपनी तीच चार-पाच माणसं अनेक गिऱ्हाइकांत वाटून घेते. एवढंच त्यामागचं गणित आहे आणि ते खरं आहे.

काम कसं चालतं तेही सांगतो, म्हणजे विकायला येणाऱ्याला नीट प्रश्न विचारता येतील. तुमच्या ऑफिसात एक छोटा डबा किंवा जुना कॉम्प्युटर ठेवतात. तो राउटर, स्विच (सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडणारा डबा), यूपीएस, सर्व्हर, वायफायचे डबे यांना दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी विचारत राहतो: आहेस का, किती वेळ चालू आहेस, किती तापलायस, कुठल्या पोर्टवर किती चुका झाल्या. या विचारपुशीची ठरलेली पद्धत म्हणजे एसएनएमपी. उत्तरं गोळा करणारी सॉफ्टवेअरं झॅबिक्स, नागिओस, लिब्रेएनएमएस अशी फुकट मिळतात. तेव्हा ‘आमचं सॉफ्टवेअर लाखाचं आहे’ असं कुणी सांगायला लागला तर सावध व्हा. तुम्ही पैसे देता ते रात्री दोन वाजता स्क्रीनकडे बघून फोन उचलणाऱ्या माणसाचे.

फायदा कसा होतो त्याचं एक उदाहरण. एका मशीनशॉपमध्ये दिवसातून दोन-तीनदा सगळे कॉम्प्युटर तुटायचे. नेटवाल्याने वायर बदलली, राउटर बदलला, बोलणीही खाल्ली. नजर ठेवायला लागल्यावर दिसलं की लाइन पूर्णवेळ चालूच आहे. शेडमधल्या स्विचचा ‘किती वेळ चालू’ हा आकडा मात्र शून्यावर येतोय, आणि तो येतोय मोठा कॉम्प्रेसर सुरू होतो त्याच मिनिटाला. स्विच आणि कॉम्प्रेसर एकाच फेजवर, व्होल्टेज क्षणभर पडायचं आणि स्विच रिस्टार्ट व्हायचा. एक छोटा यूपीएस लावला, भांडण मिटलं. हे डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं. कारण माणूस बघायला जाईपर्यंत स्विचचे दिवे परत हिरवे झालेले असायचे.

अनुभव असलेल्यांनी लिहा. भाव, करार, अडचणी, सगळं.

निपाणीचा व्यापारी

दादा, लेख झकास. पण आमच्याकडं तीन कॉम्प्युटर, एक राउटर, टॅली आणि तंबाखूच्या गोदामात सीसीटीव्ही, एवढंच हाय. आम्हाला हे चोवीस तास नजरेचं कशाला? एकजण येऊन गेला, वर्षाचा करार करा म्हणतोय.

उद्यमबागकर

एवढ्यासाठी वर्षाचा करार करू नका. तुमच्याकडं दोनच गोष्टींवर नजर हवी. पहिली, टॅलीचा बॅकअप रोज खरोखर होतोय का. दुसरी, गोदामाचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा) रेकॉर्ड करतोय का. डीव्हीआरची हार्ड डिस्क गेलेली असते, पडद्यावर मात्र चित्र दिसत राहतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. चोरी झाल्यावर पोलीस फुटेज मागतात, तेव्हा कळतं की कधीपासून काहीच साठलेलं नाही. हे बघायला महिन्याला अगदी थोडे पैसे घेणारा तुमच्या गावातला कॉम्प्युटरवाला पुरेसा आहे.

शाखा_विभाग

मी एका सौहार्द सोसायटीच्या संगणक विभागात आहे. शाखा खानापूर, नंदगड, बिडी या बाजूला. आमच्या संचालक मंडळापुढे हाच विषय आहे आणि मंडळी दोन गटांत वाटली गेली आहेत. एक गट म्हणतो, बाहेरच्याला आत घ्यायचंच नाही, ठेवीदारांचा पैसा आहे. आणि त्यांची भीती उगीचची नाही. जुलै 2024 मध्ये सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला. ही कंपनी देशभरातल्या छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि जवळजवळ 300 छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांनी स्वतः काय चुकवलं होतं? ज्याच्यावर विसंबल्या तो पडला, म्हणून त्याही थांबल्या.

पण दुसरी बाजूही सांगते. पावसाळ्यात बिडीची शाखा तुटली की आम्हाला कळायला अर्धा दिवस जातो. काउंटरपुढे म्हातारी माणसं पासबुक घेऊन बसून असतात. मॅनेजर म्हणतात ‘नेट हळू आहे’. ते हळू आहे की गेलेलं आहे हे इथं बसून मला सांगता येत नाही. नजर नसेल तर मी रोज अंदाजावर काम करते, आणि ठेवीदाराला खोटी वेळ सांगावी लागते. ते मला फार लागतं. म्हणून मला हे हवंय. फक्त दादा म्हणतात त्या चाव्यांचं, म्हणजे पासवर्ड-अधिकारांचं, नेमकं काय करायचं, ते कुणी तरी स्पष्ट सांगा.

पुण्यातला बेळगावकर

ताई, सांगतो. मी पुण्यात अशाच एका नजर ठेवणाऱ्या केंद्रात शिफ्टमध्ये काम करतो. सगळं एका भेदावर येतं आणि विकणारे तो मुद्दाम धूसर ठेवतात. बघणं वेगळं, चालवणं वेगळं.

बघण्यासाठी फक्त वाचण्याची परवानगी लागते. तुमचा स्विच आकडे सांगतो, त्याला काही बदलायला सांगता येत नाही. चालवण्यासाठी मात्र प्रत्येक कॉम्प्युटरवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम टाकतात, त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार असतात. त्यातून ते दूरवरून अपडेट टाकतात, दुरुस्ती करतात. सोय मोठी आहे. पण तो एजंट चोराच्या हाती गेला तर तुमची सगळी ऑफिसं एका बटणाने त्याची होतात.

हे कल्पनेतलं नाही. 2 जुलै 2021 ला कसेया कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरलं. कसेयाचे थेट फटका बसलेले गिऱ्हाईक साठाच्या आतच होते. पण ते स्वतः दुसऱ्यांची नेटवर्क सांभाळणारे होते, त्यामुळे त्यांच्याखालच्या हजार-पंधराशे छोट्या धंद्यांपर्यंत ते पोचलं. स्वीडनमधल्या कूप दुकानांच्या साखळीत बिलाची मशीनं चालेनात, म्हणून शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. त्याआधी डिसेंबर 2020 मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीला आलं. तिथं तर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच चोरवाट घातलेली होती आणि सुमारे 18,000 गिऱ्हाइकांकडे तो अपडेट गेला होता.

म्हणून ताई, सुरुवात फक्त बघण्याने करा. एजंट नको म्हणा. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरा असा आग्रह धरा, कारण पहिल्या दोन आवृत्त्यांत पासवर्ड उघड्यावरून जातो आणि बऱ्याच ठिकाणी तो ‘पब्लिक’ असाच सोडलेला असतो. तुमच्या ऑफिसातल्या डब्याने माहिती बाहेर पाठवावी. बाहेरून आत यायला एकही पोर्ट, म्हणजे वाट, उघडू देऊ नका. ‘रिमोट डेस्कटॉपसाठी (दुरून कॉम्प्युटर चालवायला) 3389 पोर्ट उघडा’ असं कुणी सांगितलं तर त्याला तिथूनच निरोप द्या.

आणि एक बारीकशी गोष्ट. कुठल्याही स्विचचा ‘किती वेळ चालू’ आकडा साधारण 497 दिवसांनी आपोआप शून्यावर येतो, कारण तो मोजायची जागाच तेवढी आहे. कंपनीने ‘तुमचा स्विच काल रात्री बंद पडला होता, नवा घ्या’ असं सांगितलं, तर आधी हे तपासा. मी हे होताना पाहिलंय.

खानापूरकर

आमच्या बाजूची परिस्थिती वेगळी आहे, ती सांगतो. पावसाळ्यात झाड पडून वायर तुटणं आणि लाइट जाणं हे रोजचं. त्यामुळे आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या, एक गेली तर दुसरी. नजर ठेवायला लागल्यावर आलेख आला तो असा: दोन्ही लाइन एकाच मिनिटाला पडतात आणि जवळपास एकाच वेळी उठतात. चौकशी केली तर दोन्ही वायरी त्याच खांबांवरून आलेल्या. बिलं दोन, खांब एक! आता दुसरी लाइन काढून तिथं 4जी राउटर ठेवलाय.

बेळगाव शहरातही हेच आहे. गणपतीच्या आगमनाला उंच मूर्तीसाठी वायरी वर उचलतात, रस्ता खणला की फायबर तुटतं. कुणाच्या वायरी कुठल्या खांबावरून येतात हे विकणारा सांगत नाही, आलेख सांगतो.

पण माझा खरा प्रश्न असा आहे. पूर्ण लाइट आणि नेट दोन्ही गेलं तर तो आतला डबा तक्रार कशी पाठवणार? आणि समजा बेंगळुरूत कळलं, रात्री दोनला त्यांनी फोन केला, तर उचलणार कोण? आमचा वॉचमन. त्याला मराठी आणि कन्नड येतं. पलीकडचा इंग्रजीत ‘तुमचा डब्ल्यूएएन डाऊन आहे’ म्हणणार. हा फोन करून काय उपयोग?

पुण्यातला बेळगावकर

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डबा दर मिनिटाला ‘मी आहे’ असा निरोप बाहेर पाठवतो. निरोप येणं थांबलं की पलीकडे घंटा वाजते. म्हणजे गप्प राहणं हीच तक्रार. करारात हे आहे का ते विचारा, पुष्कळ स्वस्त योजनांत नसतं. अजून एक विचारा: राउटर पडला तर त्याच्यामागच्या वीस उपकरणांचे वीस मेसेज पाठवणार की एकच? वीस येत असतील तर आठवड्याभरात तुमचा माणूस ते बघायचं बंद करतो आणि खरा मेसेज त्यात बुडतो.

उद्यमबागकर

खानापूरकर साहेब, दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे आणि सगळे करार इथंच फसतात. बघणारा बेंगळुरूत बसला तरी चालेल, पण जाणारा माणूस जांबोटी रस्त्यावर राहणारा हवा. म्हणून करारात नावानिशी क्रम लिहून घ्या: आधी कुणाला फोन, त्याने नाही उचलला तर कुणाला, नेटवाल्याकडे तक्रार कोण नोंदवणार, हेस्कॉमला (वीज कंपनीला) फोन कोण करणार. वॉचमनला करायचा फोन मराठी किंवा कन्नडमध्येच झाला पाहिजे आणि त्याला एकच काम सांगायचं: ‘कपाटातल्या डब्याचा दिवा लागलाय का बघ.’ तेवढ्यानं लाइट गेलीय की नेट गेलंय हे ठरतं.

करारातल्या टक्क्यांनाही फसू नका. ‘99 टक्के चालू राहील’ म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात सात तासांहून जास्त बंद राहिलं तरी त्यांनी करार पाळला. 99.5 म्हणजे साडेतीन तासांच्या वर. 99.9 म्हणजे सुमारे 43 मिनिटं. आणि ‘15 मिनिटांत प्रतिसाद’ म्हणजे 15 मिनिटांत फोन करू, दुरुस्त करू असं नव्हे. दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या.

शिनोळी_फाटा

आमचं एक युनिट शिनोळीला (महाराष्ट्रात), दुसरं उद्यमबागेत. मधे राज्याची हद्द. इकडं महावितरण, तिकडं हेस्कॉम, दोन्हीकडच्या लाइटच्या वेळा वेगळ्या, कामगार मात्र त्याच गावांतले. दोन्ही युनिट जोडणारा व्हीपीएन तुटला की स्टोअरला स्टॉक दिसत नाही.

एक व्यवहारातली गोष्ट, कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. नजर ठेवणारी कंपनी पुण्याची असेल आणि बिल बेळगावच्या 29 नंबरच्या (कर्नाटकच्या) जीएसटीवर घेतलं तर आयजीएसटी (दोन राज्यांतला कर) लागतो, बेंगळुरूची असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातला). दर तोच, 18 टक्के, आणि नियमात बसत असेल तर क्रेडिट मिळतं. पण कंपनीने एकच बिल 27 नंबरवर (महाराष्ट्राच्या) फाडलं आणि काम मात्र दोन्ही युनिटचं केलं, तर सीए वर्षअखेरीला डोकं धरतो. सुरुवातीलाच दोन युनिटची दोन बिलं मागा.

टिळकवाडी

सगळं वाचलं. मला हे पटत नाही की ओ. आपल्या गावची पोरं डिप्लोमा करून बसलीत, एएमसीवर (वर्षाच्या देखभाल करारावर) पोट भरतायत. त्यांचं काम काढून बेंगळुरू-पुण्याला द्यायचं? रात्री अडलं तर तोच पोरगा गाडी काढून येतो, पाऊस असू दे नाही तर काही असू दे. ह्या कंपन्या तिकीट नंबर देतात.

उद्यमबागकर

तुमचं दुखणं मलाही आहे, कारण मीही त्याच धंद्यातला. पण एक पोरगा रात्रंदिवस जागू शकत नाही, आणि तो आजारी पडला, लग्नाला गेला की गिऱ्हाईक उघड्यावर पडतं. माझं म्हणणं असं की या पोरांनीच चार-पाचजण मिळून हे काम घ्यावं. झॅबिक्स फुकट आहे, पाळ्या वाटून घेता येतात, भाषा येते, रस्ते माहीत आहेत. बाहेरच्या कंपनीकडे नसलेलं सगळं त्यांच्याकडे आहे. फक्त शिस्त हवी: पाळीची वही, फोन उचलण्याची खात्री, आणि महिन्याला एक कागदी अहवाल. दोन-तीन फौंड्रीवाल्यांनी मिळून अशा गटाला वर्षाचं काम दिलं तर तो गट उभा राहील. मी स्वतः त्यांना शिकवायला तयार आहे, पैसे न घेता. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शाखा_विभाग

दादा, चाव्यांचं राहिलंच. आणि कायद्याचंही. आमचे ऑडिटर सहा तासांचं काहीतरी सांगत होते.

उद्यमबागकर

ताई, ऑडिटर बरोबर सांगतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला निर्देश काढले: सायबर घटना लक्षात आली की सहा तासांत कळवायचं, आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपायच्या. छोट्या उद्योगांना त्यासाठी 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदत दिली होती, ती कधीच संपली. कंपनीला काम दिलं तरी ही जबाबदारी तुमच्या अंगावरून जात नाही. म्हणून करारात लिहा की काही संशयास्पद दिसलं तर ते तुम्हाला तासाभरात कळवतील, आणि नोंदींची एक प्रत तुमच्याच इमारतीत राहील.

आता चाव्या. राउटर, फायरवॉल (बाहेरची ये-जा तपासणारा डबा), स्विच यांचे मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, सही करून, सोसायटीच्या तिजोरीत. कंपनीला वेगळं खातं, फक्त वाचण्यापुरतं. बदल करायची वेळ आली तर तेवढ्या वेळापुरतं दुसरं खातं उघडायचं आणि काम झालं की बंद करायचं, त्याची वहीत नोंद. डोमेन (वेबसाइटचं नाव) आणि नेटची लाइन सोसायटीच्याच नावावर, कंपनीच्या ईमेलवर कधीही नको. करार संपला तर सगळी मांडणी, सगळे आकडे सात दिवसांत तुमच्या हातात द्यायचे आणि त्यांचा डबा तुमच्यासमोर उचलायचा, हे कलम पहिल्याच दिवशी घाला. निघून जाताना भांडण होतं तेव्हा कुणी काही देत नाही. आपल्याच शहरातल्या एका दवाखान्याचा फायरवॉल जुन्या ठेकेदाराच्या पासवर्डवर अडकून पडला होता, शेवटी पूर्ण पुसून नव्याने मांडावा लागला, आणि तोवर ओपीडीची नोंद हाताने चालली.

शाखा_विभाग

हे सगळं छापून मंडळाच्या बैठकीत ठेवते. आधी फक्त बिडी आणि नंदगड या दोन शाखा, फक्त बघण्यासाठी, तीन महिने, असा प्रस्ताव मांडणार आहे.

खानापूरकर

ताई, बिडीला द्यायच्या आधी तिथल्या यूपीएसच्या बॅटऱ्या बघा. बॅटरी दहा मिनिटंही टिकत नसेल तर प्रत्येक लाइट जाण्याला ‘शाखा बंद’ असा मेसेज येईल आणि मंडळ म्हणेल हे काय घेतलंय.

निपाणीचा व्यापारी

दादा, उद्या तो करारवाला परत येणार हाय. वर्षाचं न्हाई म्हणून सांगतो. बॅकअप आणि डीव्हीआर एवढंच बघायचं किती घेतोस ते विचारतो. अजून काय विचारू?

उद्यमबागकर

त्याला विचारा, रात्री फोन कोण करणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर. आणि तो यायच्या आधी डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीने दिलेला जुना पासवर्ड बदलून ठेवा.